ब्लड स्पॉट कार्ड: फ्रिज लागत नाही, पण पावसाळ्यात पुडी बघून घ्या

नवजात बाळांच्या तपासणीची ही कागदी कार्डं मी उन्हाळ्यापासून वापरतेय. कोल्हापुरात माझं छोटं कलेक्शन सेंटर आहे, आणि राधानगरी, गगनबावडा, भुदरगड इकडची बाळंही असतात. कार्डावर पाच गोल असतात. बाळाच्या टाचेचं रक्त त्यांवर घ्यायचं, वाळवायचं आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचं. लिहायला बसले ते गगनबावड्याकडच्या एका बाळाची टाच परत टोचावी लागली म्हणून. चूक कार्डाची नव्हती. चूक होती पाकिटातल्या सिलिकाच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या मण्यांच्या पुडीची.

आधी कार्डाबद्दल. 1963 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळांच्या तपासणीसाठी ही पद्धत रूढ केली, म्हणजे नवीन काहीच नाही. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची तपासणीही आपल्याकडे अशाच वाळलेल्या थेंबावर होते. तरी मला सुरुवातीला विश्वास नव्हता. रक्त म्हटलं की बर्फ, हीच सवय. पण ज्यांनी 2019 च्या ऑगस्टचा महापूर इथं काढलाय त्यांना सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, वीज नाही, फ्रिज असून नसल्यासारखा. जेल पॅक, थर्माकोलचा डबा, त्याचं वेगळं कुरिअर, हा सगळा खर्च कार्डाने वाचवला. लिफाफ्यात जातं, सांडत नाही, फुटत नाही. मे महिन्यात तर तीन-चार तासांत गोल खडखडीत वाळायचे आणि एकही नमुना परत आला नाही. तेव्हा विचारलं असतं तर मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

मग मृग निघाला. कार्ड पापडासारखं सादळतं. लालभडक थेंब सगळीकडे सारखा तपकिरी झाला की वाळला असं समजतात. गगनबावड्याच्या पावसात तो संध्याकाळपर्यंत मधोमध लालसरच राहतो. उन्हात ठेवायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, कार्डावर कार्ड ठेवायचं नाही. थांबायचं, एवढंच हातात. ते मी थांबते. पण वाळलेलं कार्ड पाकिटात गेल्यावर पुढचं काम पुडीचं असतं, आणि खरी गडबड तिथंच आहे.

आधीच्या किटमध्ये, म्हणजे कार्ड, पाकीट आणि पुडी एकत्र येतात त्यात, निळ्या मण्यांची पुडी यायची. ओल शोषून संपली की मणी गुलाबी होतात, एका नजरेत कळतं. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या खोक्यात पांढऱ्या मण्यांच्या पुड्या निघाल्या. त्या कोरड्या असल्या तरी पांढऱ्या, ओल्या असल्या तरी पांढऱ्या. ओल दाखवणारी ठिपक्यांची पट्टीही नाही. पुरवठादाराला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, सिलिका ती सिलिकाच की. रंगाचं काय करायचंय?"

रंगाचं काय करायचंय ते सांगते. थायरॉइडच्या तपासणीत मोजतात तो टीएसएच तसा तगून राहतो. जी-सिक्स-पीडी हे मात्र एन्झाइम आहे, लाल रक्तपेशींना फुटण्यापासून वाचवणारं. उष्णता आणि ओल लागली की त्याची क्रिया घटते, आणि निरोगी बाळाचा रिपोर्ट कमतरता असल्यासारखा येतो. त्या बाळाचं तेच झालं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं, परत तपासेपर्यंत काही ठरावीक औषधं नकोत आणि डांबराच्या गोळ्यांतले कपडे नकोत. आजीने ट्रंक उपसून बाळाची झबली-दुपटी पुन्हा धुतली. आईने बाळंतपणाच्या अंगाने, भर पावसात, पन्नासहून जास्त किलोमीटर एसटीने येऊन परत रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल आला. दुसऱ्या तपासणीचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत, पुरवठादाराकडे मागितले. "पॉलिसीत बसत नाही," असं उत्तर आलं. दोन-तीन रुपये वाचवायला पुडी बदलायची आणि भुर्दंड बाळंतिणीने सोसायचा, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

एक बाजू मात्र मान्य. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते बंद करतायत. पण त्याला नारिंगी मण्यांचा पर्याय आहे, ओले झाले की हिरवट होतात. मी आता ते सुटे आणून माझ्या पुड्या भरते. स्वयंपाकघरातल्या भांड्यात मणी तापवून परत वापरायच्या फंदात पडू नका, निळे तर मुळीच नको. शिवाय पाकिटात 30, 40, 50 टक्क्यांच्या ठिपक्यांची पट्टी टाकते. 30 च्या ठिपक्याचा रंग बदलला की पुडी बदलायची.

कार्ड मी सोडणार नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेट, पोटॅशियम यांना ट्यूबच लागते, तिथं कार्डाचा उपयोग नाही. पण बाळाचा थायरॉइड वेळेत कळायला घाटमाथ्यावरून बर्फाशिवाय येणारा याहून स्वस्त नमुना मला माहीत नाही. पाचपैकी कार्डाला पाच, किटला दोन.

नवीन खोकं आलं की पैसे द्यायच्या आधी एक पाकीट फोडून पुडी उजेडात धरा. पांढरे मणी दिसले आणि सोबत पट्टी नसेल, तर खोकं तिथूनच परत पाठवा. मी पाठवलंय.