पहिला लाइव्ह सेट: घरून बांधून न्यायचा, की तिथेच घडवायचा?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेच्या माडीवर तुम्हाला वीस मिनिटं मिळाली आहेत. समोर तीस-चाळीस माणसं, त्यातल्या बहुतेकांनी असलं इलेक्ट्रॉनिक संगीत आधी ऐकलेलं नाही. लॅपटॉपवर पूर्ण बांधलेली रचना न्यायची, की सिंथ (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणि सिक्वेन्सर (स्वरांची आवर्तनं आपोआप वाजवणारं यंत्र) मांडून तिथल्या तिथे वाजवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा वाजवणाऱ्याला मी सांगेन की वेळेचा आराखडा पक्का ठेवा आणि आवाजाचा पोत मोकळा सोडा.

बांधलेल्या रचनेची खरी ताकद शांततेत दिसते. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये अरेंजमेंट व्ह्यू असतो, म्हणजे सगळी रचना वेळेच्या रेषेवर मांडलेला पडदा. तिथे तुम्ही सहाव्या मिनिटाला पाच आवाज एकाच क्षणी तोडू शकता, दहा सेकंद काहीच ठेवत नाही, आणि मग भलताच आवाज आणता. उत्स्फूर्त वाजवताना असं फार क्वचित घडतं. हात दोनच, आणि लोक बघत असले की ते स्वस्थ बसत नाहीत. टेपच्या काळात तर रचना म्हणजे कापाकापी आणि जोडाजोडीच होती. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांची १९५४ची ‘स्टुडिए २’ साडेतीन मिनिटांचीही नाही, पण तिच्यातला प्रत्येक आवाज ८१ ठरावीक कंपनसंख्यांमधूनच घडवलेला आहे. इतका बारीक हिशेब मंचावर कोणाला जमणार? आणि हाच माणूस १९६८मध्ये वादकांच्या हाती स्वरलिपीऐवजी नुसते मजकुराचे उतारे देऊ लागला. तेव्हा आज एक बाजू घेतली म्हणजे जन्माची घेतली, असं समजू नका.

पण बांधलेली रचना खोलीचं ऐकत नाही. हेडफोनवर मिक्स केलेला माझा एक सेट टाइल्स आणि काचांच्या हॉलमध्ये नुसता घुमला. खालचा बेस सगळं गिळत होता आणि माझ्या हातात एकच गोष्ट होती, आवाज कमी करणं. उत्स्फूर्त वाजवणारा अशा वेळी पहिल्या मिनिटात बेस सोडतो, वरच्या पट्टीत जातो, खोलीला सोसेल तेवढंच वाजवतो.

मात्र उत्स्फूर्त म्हणजे कमी तयारी, हा समज सोडा. तयारी उलट जास्त लागते, कारण हाताच्या सवयी मोडाव्या लागतात. माझी सुरुवातीची रेकॉर्डिंग ओळीने ऐकली तेव्हा धक्का बसला. प्रत्येकात तेच: हळू सुरुवात, सातव्या मिनिटापर्यंत फिल्टर (आवाजाचा काही भाग अडवणारी चाळणी) उघडत नेणं, गोंगाट, मग पुन्हा हळू. मी नवं काही शोधत नव्हतो, एकच रचना न लिहिता पुन्हापुन्हा वाजवत होतो.

दुसरी अडचण यंत्रांची. १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग सिंथेसायझर बसवला. त्याचे सुटे भाग केबलांनी जोडून आवाज घडवायचा. त्या यंत्राला स्मृती नव्हती, केबल काढली की आवाज गेला. अशा सुट्या भागांच्या, म्हणजे मॉड्युलर, बहुतेक यंत्रांवर आजही तेच आहे. त्यात आपला नागपूरचा मे महिना. जुन्या धाटणीच्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमध्ये (मूळ स्वर निर्माण करणाऱ्या भागात) स्वर ठरवणारे ट्रान्झिस्टर तापमानाने बदलतात. स्वर व्होल्टेजवर ठरतो, त्यामुळे जरासा बदलही ऐकू येतो: साधारणपणे एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे लागोपाठच्या दोन स्वरांमध्ये जेमतेम ८३ मिलिव्होल्टचं अंतर. मोबाइलवरच्या तानपुऱ्यासोबत वाजवताना माझा षड्ज थोडा सरकला: तानपुरा २४० हर्ट्झवर, मी २४३च्या आसपास. दोन स्वरांतल्या फरकामुळे सेकंदाला तीन लहरी (आवाजाचे चढउतार) ऐकू येत होत्या आणि त्या काही केल्या थांबेनात. अशा वाजवण्यात त्या लहरींनाच विषय करता येतो, बांधलेल्या सेटमध्ये ती सरळ चूक ठरली असती.

मग मी वेळ पक्की करा असं का म्हणतो? आपल्या श्रोत्यांमुळे. वसंतराव देशपांडे सभागृहात ज्यांनी ख्याल ऐकलाय, त्यांना लांबलचक विस्ताराचा कंटाळा येत नाही. त्यांना सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, लागते. ती कधी येणार याची जाणीव आत चालू असली की मधली अनिश्चितता ते आनंदाने सोसतात. सम कुठेच नसली की चौथ्या मिनिटाला शेजारच्याला विचारतात, ‘काय सुरू आहे बे हे?’ प्रश्न रास्त आहे.

तबल्याचा कायदा आठवा. मुखड्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, त्यांचेच पलटे (क्रम बदललेले प्रकार) करायचे, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर यायचं. सामग्री ठरलेली, क्रम मोकळा, उतरण्याची जागा पक्की. १९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी जवळपास हेच केलं: ड्रम मशीन आणि टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या यंत्राची आवर्तनं यंत्राच्या हवाली केली आणि वर राग हाताने वाजवले.

वीस मिनिटांत पाच मुक्काम (ठरल्या वेळी गाठायच्या जागा) ठरवा, घड्याळ समोर ठेवा, आवाज चारच घ्या. हे आवाज एबलटनच्या सेशन व्ह्यूमध्ये, म्हणजे हवा तो तुकडा हवा तेव्हा सुरू करता येणाऱ्या पडद्यावर, क्लिप म्हणून ठेवा, म्हणजे एखादा भाग लांबवता येतो. मुक्कामांच्या मध्ये काय होईल ते ठरवू नका. यंत्रं विकत घ्यायची घाई नको: संगणकावर आवाज घडवणारी व्हीसीव्ही रॅक (साधी आवृत्ती), प्युअर डेटा, सुपरकोलायडर ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

दोघं मिळून वाजवणार असाल तर माझा सल्ला उलटा. तेव्हा आराखडा टाकून द्या, कारण समोरचा माणूसच तुमची सवय मोडतो, आणि त्या ऐकण्यातली मजा कोणत्याही बांधणीत नाही. वर्षानुवर्षं हार्मोनियम किंवा तबला वाजवलेला हात असेल तरीही मोकळंच जा.

कार्यक्रम उन्हाळ्यात असेल तर आदल्या दिवशी जागा बघून या. कूलर कुठे आहे, त्याची मोटर आणि तुमची यंत्रं एकाच बोर्डावर आहेत का, ५० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये येते का, ते ऐका. यंत्रं अर्धा तास आधी सुरू करून ठेवा आणि पट्टी कूलर चालू असतानाच लावा.