पाच सेंटीमीटरच्या नळीत रडार रिफ्लेक्टर मावत नाही

शिडाच्या होडीवर पैसे मोजून रिफ्लेक्टर, म्हणजे रडारच्या लहरी आल्या दिशेने परत पाठवणारं साधन बसवलं, तरी येणाऱ्या जहाजाच्या रडारवर होडी उमटत नाही. ही फसवणूक बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होते.

विक्रेता ५ सेंटीमीटर व्यासाची पांढरी नळी पुढे करतो. वेष्टनावर ‘१० चौरस मीटर’ आणि ‘आयएसओ ८७२९’ हे आंतरराष्ट्रीय मानक. हा आकडा १९९७ च्या जुन्या मानकातला, एखाद्या कोनातच मिळणाऱ्या कमाल परताव्याचा (परत जाणाऱ्या लहरींच्या मापाचा) आहे. २०१० च्या आयएसओ ८७२९-१ नुसार जहाजांच्या रडारच्या दोन लहरपट्ट्यांपैकी एक्स बँडवर ७.५ आणि एस बँडवर ०.५ चौरस मीटर हवेत, तेही भोवतालच्या एकूण २८० अंशांत. आणि कलणाऱ्या शिडाच्या होडीसाठी २० अंश कललेल्या स्थितीतही.

भूमितीच आड येते. रिफ्लेक्टरमधल्या, काटकोनात जोडलेल्या तीन पत्र्यांच्या कोपऱ्याचा परतावा बाजूच्या चौथ्या घाताने बदलतो. बाजू २० सेंटीमीटर असेल तर एक्स बँडवर जास्तीत जास्त साधारण ६.५ चौरस मीटर, १० असेल तर ०.४. नळीतल्या ३ सेंटीमीटरच्या कोपऱ्याला मिळतात जेमतेम ०.००३! ऊझो ही शिडाची होडी २००६ मध्ये बुडाल्यावर ब्रिटिश सागरी अपघात तपास विभागाने चाचण्या करून घेतल्या. त्यांच्या २००७ च्या अहवालाने २ इंची नळी निरुपयोगी ठरवली, ४ इंचीही अपुरी. स्वस्तातला माल तर याहून वाईट. करवतीने कापलेल्या एका नळीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला चुरगळलेला चंदेरी कागद निघाला. एकही काटकोन नव्हता.

दुसरा फटका बसवणाऱ्याकडून बसतो. अष्टफलक रिफ्लेक्टर (एकमेकांत काटकोनात अडकवलेल्या तीन पत्र्यांचा, आठ खळग्यांचा) टोकाला दोरी बांधून लटकवला की त्याचे कोपरे क्षितिजाकडे बघतच नाहीत. एक खळगा सरळ आकाशाकडे हवा, पावसाचं पाणी साचेल असा. तीन ठिकाणी बांधा, म्हणजे तो फिरणार नाही. उंची पाण्यापासून किमान ४ मीटर. ॲल्युमिनियमचा पत्रा स्टीलच्या तारेला थेट टेकला तर गंजतो, मध्ये नायलॉनचा तुकडा घाला. प्लॅस्टिकचे टाय उन्हाने तडकतात. डोलकाठीवर ब्रॅकेट लावणं केव्हाही बरं, फक्त शीड तिथे घासत नाही ना ते पाहा.

घेताना गुण्या सोबत न्या आणि प्रत्येक कोपऱ्यात लावून बघा. पत्रा जरा वाकला तरी परतावा झपाट्याने पडतो. बंद कवचाचा असेल तर ०, १० आणि २० अंश कलतानाचे परताव्याचे आलेख मागा, दोन्ही बँडचे. नुसता कमाल आकडा दाखवला तर घेऊ नका.

सगळ्यात फसवं असतं ते बंदरातलं प्रात्यक्षिक. शांत पाण्यात अर्ध्या मैलावर रिफ्लेक्टर नसलेली होडीही उमटते, कारण डोलकाठी आणि इंजिनही थोडाफार परतावा देतात. रिफ्लेक्टर लावून आणि काढून, दोन ते पाच मैलांवर, होडी कललेली असताना व्हीएचएफ रेडिओवरून जहाजाला विचारा, होडी रडारवर दिसते का. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, तर पावती घेऊन परत जा.