क्षारपड मातीतले जीवाणू ओळखताना : रंजन-चाचण्या, १६एस की पूर्ण जीनोम?

वाळवा, पलूस, मिरज भागातल्या कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतून जीवाणू वेगळे करून त्यांवर प्रकल्प करणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. प्लेटवरच्या वीस-पंचवीस वसाहतींची ओळख रंजन (पेशींना रंग देऊन पाहणे) आणि जैवरासायनिक चाचण्यांनी पटवायची, की सगळ्यांच्या १६एस आरआरएनए जनुकाचा, म्हणजे रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या पेशीघटकातल्या आरएनएच्या जनुकाचा, क्रम बाहेरच्या प्रयोगशाळेतून काढून घ्यायचा? पैसे मोजके असतील, तर या दोन पद्धतींचा क्रम आणि वाटणी आधीच ठरवलेली बरी.

हान्स क्रिस्तियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेले रंजन आजही पहिल्या दिवशीच करावे लागते, कारण पुढच्या चाचण्यांचा तक्ता त्याच्या निकालावरूनच निवडायचा असतो. ते सोपे दिसते, पण फसवते. विद्यार्थिदशेत मी तीन दिवस जुन्या वाढीचा स्मिअर (काचपट्टीवरचा पातळ थर) करून एका बॅसिलसला, म्हणजे जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या ग्रॅम-धन जीवाणूला, ग्रॅम-ऋण, म्हणजे रंग सोडणारा, ठरवले आणि पुढचे दोन आठवडे चुकीच्या तक्त्यावर घालवले. वाढ जुनी झाली की ग्रॅम-धन पेशीही जांभळा रंग सोडून देतात, हे तेव्हा पाठ होते पण अंगवळणी पडलेले नव्हते. म्हणून रंजन ताज्या वाढीचेच करावे आणि जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी घ्यावी. ३ टक्के द्रावणाच्या थेंबात वसाहत कालवून लूप (तारेचा छोटा फास) हळूच उचलला, की ग्रॅम-ऋण पेशी फुटून त्यांतला डीएनए पाकासारखी तार धरतो. ग्रॅम-धन असेल तर बहुधा तार येत नाही. खर्च जवळजवळ शून्य.

या पद्धतीची खरी मर्यादा अशी की दिसणे आणि वागणे यांवरून नाते कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आर्किया हे एकपेशीय सूक्ष्मजीव जीवाणूंसारखेच दिसतात. त्यांचा वंश वेगळा असल्याचे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवले, ते रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून. सुमारे १५०० बेसचे १६एस जनुक प्रजातीपर्यंत, म्हणजे जीनसपर्यंत, बहुतेक वेळा भरवशाने नेते. ज्ञात जातीशी (स्पीशीजशी) साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी आले, तर हाती नवी जाती असण्याची शक्यता धरतात. मात्र साम्य त्याहून जास्त आले म्हणजे जात तीच, असे मानता येत नाही.

मातीच्या कामात हा फरक विशेष जाणवतो, कारण बॅसिलस सेरियस, बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि बॅसिलस अँथ्रासिस यांचे १६एस जवळजवळ सारखेच असते. अहवालात ९९ टक्क्यांपुढचे साम्य पाहून सेरियस लिहून मोकळे होणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत. थुरिंजिएन्सिस तर कीडनाशक म्हणून शेतकऱ्याच्या ओळखीचा. बीजाणूंच्या वेळी त्याच्या पेशीत प्रथिनाचा स्फटिक बनतो आणि तो फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकात बीजाणूशेजारी दिसतो. इथे जुनी पद्धत सिक्वेन्सिंगच्या (जनुकाचा क्रम काढण्याच्या) पुढे जाते.

मॅल्डी-टॉफ यंत्र प्रथिनांच्या वस्तुमानावरून काही मिनिटांत नाव देते. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयातल्या नमुन्याचा प्रश्न असता, तर मी तेच सुचवले असते. पण त्याचा संदर्भसंग्रह मुख्यतः रोगकारक जीवाणूंवर उभा असल्याने मातीतले आयसोलेट (वेगळे केलेले जीवाणू) अनेकदा बेनाव राहतात. पूर्ण जीनोमची, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएच्या क्रमाची, गरज नवी जाती जाहीर करायची असेल तरच. तिथे दोन जीनोममधल्या सरासरी न्यूक्लिओटाइड साम्याची ९५ ते ९६ टक्के ही सीमा लागते, आणि प्रातिनिधिक स्ट्रेन (त्या जातीचा नमुना वाण) दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो.

माझा कौल असा : सगळ्या आयसोलेटवर रंजन, कॅटलेज व ऑक्सिडेज ही विकरे आणि वाढत्या मिठातली वाढ तपासून त्यांचे गट पाडावेत, आणि प्रत्येक गटातला एकच आयसोलेट १६एससाठी पाठवावा. पाठवण्यापूर्वी तो प्लेटवर दोनदा रेषांकित करून (रेघांनी पसरून) शुद्ध करावा. मिसळलेल्या वाढीच्या सिक्वेन्सिंगच्या आलेखात शिखरे एकमेकांवर चढतात आणि पैसे पुन्हा भरावे लागतात.