रिव्हरवर निम्मा पॉट की दुप्पट?

पोकरमध्ये टेबलावरचं पाचवं, शेवटचं उघडं पान (रिव्हर) पडलं, हातात खात्रीचा माल आहे आणि समोर एकच गडी. आता पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) निम्मं लावायचं की सरळ दुप्पट? बेळगाव-खानापूरकडच्या घरगुती टेबलांवर मी दोन्ही लावून बघितलंय. २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून आमचा खेळ नुसत्या चिप्सवर. हरणाऱ्यानं कुंदा आणायचा. कुंद्यासाठीसुद्धा माणसं जिवावर उदार होतात, हा भाग वेगळा.

निम्म्याची बाजू खोटी नाही. हात अधलामधला असला, म्हणजे एक्क्याची जोडी आणि बरोबर हलकं पान, तर निम्मंच बरं. दुप्पट लावली की हलके हात पळतात आणि आपल्याला हरवणारेच तेवढे बसून राहतात.

पण हात पक्का असताना निम्म्याचं एक मला सोसत नाही. समोरचा विचारसुद्धा करत नाही. ‘बघूया की’ म्हणत चिप्स ढकलतो आणि एक्का-राजा उलटून दाखवतो. दुप्पट मागितले असते तरी यानं दिले असते, हे त्याच्या तोंडावर दिसतं, आणि त्याच्या पुढ्यातला ढीग तसाच राहतो.

समजा पॉट १०००चा आहे. ५०० लावून दहातले आठ कॉल आले (समोरच्यानं तेवढ्याच चिप्स भरून हात बघितला) तर ४०००. २००० लावले तर दोन कॉलमध्येच तेवढे, तिसरा म्हणजे वरकमाई. आमच्याकडं तिसरा बहुधा येतो. वहीत मांडून ठेवलेलं नाही, डोळ्यांचा अंदाज आहे.

मात्र पान बघून. फ्लॉपला (पहिल्या तीन उघड्या पानांत) एक्का, अठ्ठी, तिर्री, त्यात दोन बदाम. टर्नला (चौथ्या पानाला) चौकट राणी, रिव्हरला किलवर छक्की. समोरच्यानं दोन्हीदा नुसता कॉल केलाय. सेट (एकाच आकड्याची तीन पानं) किंवा दोन जोड्या असत्या तर बदामाच्या फ्लशच्या (पाचही पानं बदामाची) भीतीनं बहुतेकांनी आधीच रेझ केलं असतं, म्हणजे लावलेली रक्कम वाढवली असती. म्हणजे त्याच्याकडं फार तर एक्क्याची जोडी. तुमच्याकडं अठ्ठ्यांचा सेट असेल तर इथं दुप्पट. हेच शेवटचं पान तिसरा बदाम असतं, तर मी हात आखडता घेतला असता.

ब्लफचं (हात कच्चा असताना लावून समोरच्याला पळवण्याचं) गणित उलटं. निम्म्याचा ब्लफ तिनात एकदा चालला तरी भागतं. दुप्पटीचा तिनात दोनदा चालावा लागतो. ‘बघूया की’वाल्यांसमोर तो चालेल असं मला तरी वाटत नाही. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत अनोळखी माणसं जरा लवकर पत्ते टाकतात. तिथं बोर्डावर (उघड्या पानांत) तीन बदाम आणि एकट्या बदाम एक्क्यावर तुम्ही बसलेले असाल तर करून बघायला हरकत नाही. सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडं असूच शकत नाही.

आणि पॉटमध्ये तिघं असले तर मीही निम्म्यावरच राहतो. मधला घाबरून पळतो आणि शेवटचा कॉल करतो, तेव्हा त्याच्याकडं काहीतरी असतंच.