गिटमधील सिमलिंकची व्यवस्था: सहा वर्षांच्या वापरानंतर

नागपूरच्या धंतोलीतील आमच्या चार जणांच्या कार्यालयात आठवी ते दहावीच्या शिकवणी वर्गांसाठी मराठी प्रश्नसंच तयार होतात, आणि त्यांचा सगळा मजकूर गेली सहा वर्षे गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, आहे. प्रत्येक इयत्तेच्या निरनिराळ्या फोल्डरांमध्ये परीक्षेच्या सूचनांची तीच फाइल लागते. तिच्या नऊ प्रती ठेवण्यापेक्षा मूळ फाइल एका जागी ठेवून बाकी ठिकाणी सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलचा नुसता पत्ता सांगणाऱ्या खुणा, टाकणे मला सोयीचे वाटले. गिटच्या इतर गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून हे परीक्षण या एकाच सोयीपुरते आहे.

प्रथम गिट सिमलिंक कशी साठवते ते सांगतो, कारण पुढचे सुखदुःख सगळे त्यातूनच निघते. सिमलिंक ज्या फाइलकडे बोट दाखवते त्या फाइलचा मजकूर गिट घेत नाही. ती फक्त लिंकमध्ये लिहिलेला पत्ता एक लहानसा ब्लॉब (मजकुराचा साठवलेला तुकडा) म्हणून ठेवते आणि त्याच्या नावापुढे 120000 हा मोड, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारा आकडा, लिहिते. साध्या फाइलचा मोड 100644 असतो आणि चालवता येणाऱ्या फाइलचा 100755. म्हणजे सिमलिंक आणि एका ओळीची साधी फाइल यांत गिटच्या दृष्टीने एवढ्या एका आकड्याचाच फरक आहे. पत्ता खरा आहे की खोटा, तेथे काही आहे की नाही, याची चौकशी गिट करत नाही. मला ही मांडणी मनापासून आवडते: लिंक बदलली तर डिफमध्ये (जुन्या-नव्याच्या तुलनेत) जुना आणि नवा पत्ता स्वच्छ दिसतो, आणि लिंकच्या पलीकडील फोल्डरमधली फाइल चुकून जोडायला गेलात तर ती सिमलिंकच्या पलीकडे असल्याचे सांगून गिट नकार देते.

पत्ता जसाच्या तसा ठेवला जात असल्यामुळे तो कसा लिहावा याची जबाबदारी मात्र आपली राहते. रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरपासून, सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिणे म्हणजे झिरो माइलच्या दगडापासून अंतर सांगणे. नागपुरात ते ठीक आहे, पण येथे प्रत्येक संगणकाचा झिरो माइल वेगळा असतो आणि माझ्या होम फोल्डरचे नाव दुसऱ्याच्या यंत्रावर नसतेच. ‘एक पायरी वर जा आणि सामायिक फोल्डरात शिरा’ अशा सापेक्ष पत्त्याच्या लिंक रिपॉझिटरीबरोबर (गिटने सांभाळलेल्या संपूर्ण साठ्याबरोबर) कोठेही जातात. आमच्या नऊही लिंक तशाच आहेत आणि उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या दोन संगणकांवर त्यांनी सहा वर्षांत एकदाही त्रास दिला नाही.

त्रास झाला तो विंडोजवर. विंडोजमध्ये व्हिस्टापासून सिमलिंक आहेत, परंतु त्या तयार करण्यास विशेष अधिकार लागतो. 2017 मधील विंडोज 10 च्या सुधारित आवृत्तीपासून डेव्हलपर मोड सुरू केल्यास तो अधिकार सामान्य वापरकर्त्यालाही मिळतो. विंडोजसाठीचे गिट बसवताना सिमलिंकचा पर्याय आपण निवडला नाही, तर कोअर-डॉट-सिमलिंक्स ही सेटिंग बंद राहते, आणि मग चेकआउटच्या वेळी, म्हणजे साठ्यातील फाइल डिस्कवर मांडताना, लिंकच्या जागी पत्ता लिहिलेली साधी मजकूर फाइल ठेवली जाते. यात काही चुकीचे नाही. दुसरा मार्गही नाही. माझी तक्रार आहे ती गिटच्या मौनाविषयी. क्लोन (रिपॉझिटरीची नवी प्रत उतरवणे) निमूटपणे पूर्ण होते, स्टेटस (काय बदलले ते सांगणारी यादी) स्वच्छ दिसते, आणि नऊ लिंक लिंक राहिल्या नाहीत हे कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये, वर्ग सुरू होण्याच्या ऐन घाईत, आमच्याकडे नव्याने आलेल्या सहकारी मुलीने आपल्या विंडोज लॅपटॉपवर क्लोन केले. सूचनांची फाइल उघडली तर आत फक्त एक ओळ. “सर, नववीच्या सूचना उडाल्या होत्या, मी परत टाकल्या,” असे तिने संध्याकाळी सांगितले आणि मी मान डोलावली. तिने पूर्ण दोन पाने मजकूर त्या फाइलमध्ये चिकटवून कमिट केला, म्हणजे गिटमध्ये नोंदवला, होता. सेटिंग बंद असताना गिट अशा फाइलचा मोड बदलत नाही, तो 120000 च राहतो. त्यामुळे दोन पानांचा तो मजकूर आता एका सिमलिंकचा पत्ता म्हणून नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उबुंटूवर पुल केले (नवे बदल ओढून घेतले), तेव्हा सिमलिंक तयार करता आली नाही, नाव फार लांब आहे, अशी चूक आली. लिनक्समध्ये लिंकचा पत्ता 4095 बाइटपर्यंतच असू शकतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात तीन बाइट घेते, म्हणजे साधारण साडेतेराशे चिन्हांतच ती मर्यादा संपते. मजकूर अर्ध्या पानाचा असता तर चूकही आली नसती; कोठेच न जाणारी एक लिंक गुपचूप तयार झाली असती, आणि आम्हाला ते छपाईच्या दिवशी कळले असते. डिफच्या मथळ्यात 120000 हा आकडा दिसत होता हे खरे, पण तो वाचणारा आमच्यात कोणी नव्हता, मीसुद्धा नाही. चूक मुलीची नव्हती. तिला सांगायला हवे होते, ते मी सांगितले नव्हते.

दुरुस्ती सोपी निघाली. मी जुन्या कमिटमधून लिंक परत आणली. तिच्या लॅपटॉपवर डेव्हलपर मोड सुरू केला, सेटिंग चालू केली, आणि त्या नऊ फाइल पुसून पुन्हा चेकआउट केल्या. नुसती सेटिंग बदलून भागत नाही, कारण आधी ठेवलेल्या मजकूर फाइल तशाच राहतात आणि स्टेटसमध्ये प्रकार बदलल्याची नोंद दिसू लागते. फोल्डरकडे जाणाऱ्या लिंक असतील तर आणखी एक बारकावा आहे: विंडोजमध्ये फाइलची आणि फोल्डरची सिमलिंक वेगवेगळी असते, गिट मात्र हा भेद साठवत नाही, म्हणून विंडोजच्या गिटमध्ये तो गिटअॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमधून सांगण्याची सोय केलेली आहे.

सेटिंग चालू करताना सुरक्षेचा विचारही करावा लागतो. 2021 च्या मार्चमध्ये आणि 2024 च्या मेमध्ये गिटला ज्या गंभीर त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या, त्यांत सिमलिंकचा हात होता. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणाऱ्या फाइलव्यवस्थेवर एकाच नावाचे, पण लहान-मोठ्या अक्षरांत वेगळे लिहिलेले फोल्डर आणि लिंक रचून ठेवले, तर गिट फोल्डरात लिहीत असल्याच्या समजुतीने लिंकमधून भलतीकडे लिहिते, आणि क्लोन करतानाच परका प्रोग्रॅम चालू शकतो. पहिल्या वेळी गिट एलएफएससारखे (मोठ्या फाइल वेगळ्या साठवणारे) फिल्टर आणि दुसऱ्या वेळी सबमोड्यूल (रिपॉझिटरीच्या आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) त्याला कारणीभूत होते. जुन्या आवृत्तीवर ही सेटिंग चालू करू नये.

दुसऱ्या साधनांकडे पाहावे तर सबव्हर्जन हे गिटसारखेच साधन 1.1 आवृत्तीपासून लिंक विशेष गुणधर्म लावलेली फाइल म्हणून ठेवते आणि विंडोजवर तिचीही मजकूर फाइलच होते. त्याहून जुन्या सीव्हीएसला सिमलिंक ठाऊकच नव्हती. त्यामुळे केवळ यासाठी गिट सोडण्यात अर्थ नाही. एक किरकोळ खटका आहे: गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या नावांच्या यादीत) नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की तो नियम फक्त खऱ्या फोल्डरला लागतो, त्या नावाच्या सिमलिंकला नाही. नोड मोड्यूल्सचे (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचे) फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून त्याची लिंक ठेवली, तेव्हा मला हे कळायला एक दुपार लागली.

आता कमिटपूर्वी आपोआप चालणारा एक छोटा हुक (लहानसा प्रोग्रॅम) मी लिहिला आहे. 120000 मोडच्या कोणत्याही नोंदीचा मजकूर दोनशे बाइटांहून लांब असेल, तर तो कमिट अडवतो. हुक क्लोनबरोबर येत नाहीत, म्हणून तो प्रत्येक नव्या संगणकावर हाताने बसवावा लागतो, आणि ते काम आता तीच सहकारी करते.