हाड घडवणाऱ्या पेशी: उभट की चपट्या?

हाडाचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पृष्ठभागावर एकाच कुळातल्या पेशी दोन रूपांत भेटतात.

ऐन कामात असलेल्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, उभट, जवळजवळ घनाकार असतात आणि एकमेकींना खेटून रांगेत उभ्या राहतात. हिमॅटॉक्सिलिन या रंगाने त्यांचा पेशीरस गडद निळसर होतो, कारण प्रथिने बनवणारी खडबडीत आंतरद्रव्य जालिका आत ठासून भरलेली असते. केंद्रक हाडापासून दूरच्या टोकाला सरकलेले, त्याच्या शेजारी एक फिकट डाग. तो डाग म्हणजे गॉल्जी पिंड, कोलॅजनची पाठवणी करणारा. रांगेखाली ऑस्टिऑइडचा, म्हणजे अजून कॅल्शियम न बसलेल्या कच्च्या हाडाचा, फिका पट्टा दिसतो. मला हे दृश्य फार आवडते. पेशीचे काम इतके उघड क्वचितच दिसते.

चपट्या अस्तरपेशी याच्या उलट. हाडाला चिकटलेली पातळ रेघ, मध्ये लांबट केंद्रक, अंगके मोजकीच. खाली ऑस्टिऑइड जवळपास नाही.

पण चपटी म्हणजे निकामी, असे समजणे चूक. पेशी चपटी होत जाते तसा घडणीचा वेग मंदावतो हे खरे. मात्र गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक थांबून थांबून दिले, तर या अस्तरपेशी पुन्हा फुगून कामाला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. याच संप्रेरकाचा तुकडा असलेले, अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेले औषध टेरिपॅराटाइड असेच, रोज एकदा टोचतात. तेच संप्रेरक सतत चढे राहिले, तर मात्र हाड झिजते.