गरोदरपणात घरी बीपीचं मशीन: अकरा महिने वापरून

मला बीपी दिवस राहायच्या आधीपासूनच. टेल्मिसार्टन चालू होती. पहिल्याच तपासणीत मॅडमनी ती बंद करून लॅबेटालॉल दिली, कारण टेल्मिसार्टनने पोटातल्या बाळाच्या किडनीला धोका असतो. (तुमची अशी गोळी चालू असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.) बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी आली. मॅडम म्हणाल्या, घरी मशीन घ्या, केजहून दर चार दिवसाला अंबाजोगाईला येणं तुम्हाला होणार नाही.

मशीन दंडाला बांधायचं, सेलवर चालणारं घेतलं. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून सेलवरचंच बरं.

पहिले पंधरा दिवस वरचा आकडा 150 च्या खाली येईना. आत्याबाईंनी घरातलं लोणचं-पापड बंद केलं, मला रात्री झोप लागेना. मग आशाताई आल्या. पट्ट्याचं टोक कसंबसं चिकटतंय हे त्यांनीच बघितलं. शिलाईचा टेप आणून दंड मोजला तर 35 सेंटीमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरात छापलेलं, 22 ते 32. दंडाला लहान पडणारा पट्टा आकडा वाढवून दाखवतो. दुकानदाराने तर "सगळ्यांना हाच बसतो" म्हणून दिला होता. मोठा पट्टा मागवला आणि 150 चे 136 झाले. तोवर माझी गोळी उगाच वाढायची वेळ आली होती, याचा मला अजून राग येतो. म्हणून आधी दंड मोजा, मग मशीन घ्या.

नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे मशीन सोबत नेलं. सिस्टरांच्या आकड्याशी तीनदा ताडून पाहिलं, चारेकचा फरक. हे कराच, कारण प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रथिनं जातात तो आजार) काही मशीन कमी आकडा दाखवतात.

मोजायच्या आधी पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. भाकरी थापून उठल्या उठल्या मोजलं की आकडा हमखास चढलेला. सकाळ-संध्याकाळचं सगळं वहीत लिहिलं. पाचव्या महिन्यात बीपी आपोआप उतरलं होतं. तसं होतंच, बरं झालो समजू नका.

छत्तिसाव्या आठवड्यात एका रात्री कपाळ ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मशीनवर 164/110. पंधरा मिनिटांनी परत तेच. यांनी 108 ला फोन केला. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन निघालं, तोच प्रीएक्लॅम्पसिया. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझी वही मागितली आणि पानं उलटून पाहिली. गेल्या आठवड्यापासून आकडे रोज थोडे थोडे चढत होते, ते त्यांना तिथेच दिसलं. बीपी आटोक्यात आणलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली, कळा आणल्या. मुलगी झाली, दोन किलो तीनशे.

बाळंत झालं की मशीन कपाटात टाकू नका. माझं सगळ्यात जास्त बीपी त्यानंतर चौथ्या दिवशी होतं, आणि मी तेव्हा कुठे ओवा-डिंकाच्या लाडवात गुंतले होते! पुढे दीड महिना रोज मोजलं.

तक्रार दोनच. माहितीपत्रक इंग्रजीत आहे, आणि आठव्या महिन्यापासून पट्ट्याची चिकटपट्टी सैल पडली. ती शिंप्याकडून बदलून घेतली. आता मशीन जाऊबाईंकडे आहे, त्यांना तिसरा महिना. त्यांचा दंड 28 भरला, त्यामुळे छोटा पट्टा त्यांना बरोबर बसतो.